बारा तासांचा उपवास

'उपाशी' हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्याला अगतिकतेचा वास येतो. घरात पीठ नाही म्हणून माणूस उपाशी राहतो, डबा आला नाही म्हणून राहतो. स्वतःच्या इच्छेने, समजून उमजून जो अन्न सोडतो, तो उपवास करतो. तेहेतीस वर्षं मी सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवलं. त्यातली निम्मी तरी पोरांना असले फरक समजावण्यात गेली आणि पोरांनी ते परीक्षा संपेपर्यंतसुद्धा लक्षात ठेवले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या या आवडीनिवडीतून झालं. नशीब वगैरे काही नव्हतं त्यात.

दोन हजार बेचाळीस साली मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी मिरजेच्या कृष्णाकाठ यकृत केंद्राने मला भाषा समितीवर घेतलं. 'प्रा. अभिनंदन चौगुले, भाषा सल्लागार' अशी पाटी टेबलावर आली. काम साधं होतं. केंद्रात नवं यंत्र आलं होतं, ते रुग्णांशी मराठीत बोलणार होतं, आणि त्याने काय बोलावं ते आम्ही ठरवायचं. एकदा वाक्य मंजूर झालं की केंद्रातल्या कुणीही त्यातला शब्द बदलायचा नाही, असा नियम होता. फोनवर, पत्रावर, तंत्रज्ञाच्या तोंडी, सगळीकडे तेच वाक्य. कुणी आपल्या मनाने बोललं तर त्याची नोंद व्हायची.

यंत्र काय करायचं ते सांगतो. आपण जेवलो की रक्तात साखर येते आणि शरीर तिच्यावर चालतं. ती सरली की यकृत आपल्याजवळची साठवलेली साखर सोडायला लागतं. शेवटच्या घासानंतर दहा-बारा तासांनी तीही संपत येते, मग यकृत चरबी जाळायला घेतं. हा बदल म्हणजे खटका. तो सगळ्यांच्या पोटात रोज पडतो, आपल्याला कळत नाही. यकृत आजारी पडलं, त्यात चरबी साचली, सूज आली, मग वण पडत पडत ते चामड्यासारखं घट्ट झालं, की हा खटका जागोजागी पडेनासा होतो. पूर्वी डॉक्टर सोनोग्राफी करत, यकृताचा कडकपणा मोजत, सुई घालून तुकडा काढत, आणि शेवटी अंदाजच सांगत. नव्या यंत्राने अंदाज संपवला. दंडातल्या शिरेतून अतिसूक्ष्म कण सोडायचे, ते यकृतात जाऊन बसतात, पोटावर बांधलेला पट्टा दोन तास त्यांच्याकडून खबर घेतो, आणि यकृताचा नकाशा तयार होतो. इथला खटका जिवंत, इथला मेलेला. जिथे जिवंत, तिथे रुग्णाच्याच कातडीपासून बनवलेल्या नव्या पेशी पेरायच्या. त्या रुजतात आणि माणूस उठून कामाला लागतो. जिथे खटका मेलेला, तिथे पेशी रुजत नाहीत. नकाशा सगळाच काळा आला तर उपचार नाही.

यात एक मेख होती. ही चाचणी आयुष्यात एकदाच होते. कणांवर जे आवरण असतं ते शरीर कायमचं ओळखून ठेवतं आणि दुसऱ्यांदा कण सोडले तर यकृतापर्यंत पोचायच्या आत झाडून टाकतं. आणि दुसरी मेख अशी की पोटात अन्न असेल तर खटका पडतच नाही, तेव्हा जेवून आलेल्या माणसाचा नकाशा आणि मरायला टेकलेल्या माणसाचा नकाशा सारखाच काळा येतो. यंत्राला फरक कळत नाही. म्हणून चाचणीआधी बारा तास काही खायचं नाही, हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते मी लिहिलं. 'चाचणीपूर्वी बारा तासांचा उपवास करावा.'

समितीच्या बैठकीत तहसीन मुजावर नावाची तंत्रज्ञ होती, तिशीच्या आतली, मिरजेचीच. तिने हात वर केला.

"सर, 'उपाशीपोटी या, पाण्याशिवाय काही घेऊ नका' असं लिहा. उपवास म्हटलं की आपल्याकडे लोक साबुदाणा भिजत घालतात."

"मग तो उपवास नव्हे, तो फराळ," मी म्हणालो. "लोकांच्या चुकीच्या मराठीला केंद्राने शरण जावं असं तुमचं म्हणणं आहे का?"

सगळे हसले. तहसीन हसली नाही. "आमच्या रोज्याला तर पाणीपण चालत नाही, सर. मला काय फरक पडतो? मी पेशंटचं सांगते."

मी तिला उपवास शब्दाची फोड करून सांगितली. पाच मिनिटं बोललो आणि छान बोललो. मी जन्माने जैन. आमच्या घरी उपवास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. दशलक्षण पर्वात माझी आई दहा-दहा दिवस तेवढ्यावर काढायची. मला तो शब्द त्या पाण्यासारखा स्वच्छ वाटायचा आणि त्यात कुणी बटाटा घातलेला चालायचा नाही. वाक्य मंजूर झालं.

पहिल्या वर्षात आठ तक्रारी आल्या. आठही जण काहीतरी खाऊन आले होते. कुणी खिचडी, कुणी रताळी, कुणी राजगिऱ्याचा लाडू. आठांचेही नकाशे काळे आले होते. केंद्राने माझं मत मागितलं. मी एका पानात दिलं: 'उपवास या शब्दाचा मूळ अर्थ निराहार असा आहे. रुग्णाच्या वैयक्तिक समजुतीची जबाबदारी केंद्रावर येत नाही.' आठही फायलींवर 'रुग्णाची चूक' असा शेरा बसला. मी त्या आठांची नावं वाचली नव्हती. शब्दाचा प्रश्न होता, नावांची गरज काय?

त्यानंतर सुवर्णाचे पाय सुजले.

सुवर्णा माझी बायको. कागलची, जाधवांची मुलगी. आमचं लग्न दोन्ही घरांच्या नाकावर टिच्चून झालेलं, त्यामुळे घरात पहिल्यापासून दोन-दोन रीती होत्या आणि आम्ही त्याची मजा करायचो. तिची संकष्टी, एकादशी असायची. वरीचा भात, दाण्याची आमटी, ताक. मी म्हणायचो, तुझा उपवास असला की मला जास्त जेवायला मिळतं. कुणी बाई हळदीकुंकवाला आली आणि आज उपवास आहे म्हणाली, की सुवर्णा तिला गंभीरपणे विचारायची, "माझ्यासारखा की ह्यांच्यासारखा?" हा आमच्या घरातला ठरलेला विनोद होता.

दारूचा थेंब तिने कधी घेतला नाही. तरी डॉक्टर म्हणाले, यकृतात चरबी साचत गेली, वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही, आता वण पडलेत. हे फार लोकांना होतं, म्हणाले, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. खटका चाचणी करू, नकाशा बरा आला तर सहा महिन्यांत बाई हिंडायफिरायला लागतील. मी निश्चिंत झालो. माझंच केंद्र, माझीच माणसं.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी केंद्राचा फोन आला. सुवर्णाने तो स्वयंपाकघरात ऐकला आणि पदराला हात पुसत बाहेर आली. मी शब्दकोशाची मुद्रितं तपासत होतो.

"अहो, उपवास करा म्हणतायत. माझा की तुमचा?"

मी वर पाहिलं नाही. एका ओळीत तीन चुका सापडल्या होत्या आणि डोकं तापलं होतं. "उपवास म्हणजे उपवास. इतकं सरळ वाक्य आहे, सुवर्णा. मराठी कळतं ना?"

"कळतं की," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा पहाटे घाटावर फिरायला गेलो. परत आलो तेव्हा ती आवरून, केस विंचरून बसली होती. दहा वाजता आम्ही केंद्रात होतो. चाचणीच्या खोलीत तहसीन होती. मी काचेबाहेर बसलो. तहसीनने मंजूर वाक्य विचारलं, "बारा तासांचा उपवास केला आहे का?" सुवर्णाने मान हलवली, हो म्हणाली, आणि तहसीनने यंत्रावर 'हो'ची खूण केली. खासगीपणाच्या कायद्यामुळे तिथला आवाज साठवत नाहीत, फक्त ती खूण राहते. पट्टा बांधला, कण सोडले. दोन तास मी वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या.

नकाशा काळा आला. एक कोपरासुद्धा उजळ नाही.

डॉ. घोरपडे केंद्राच्या प्रमुख. स्वभावाने बऱ्या, पण वाईट बातमी सांगताना आवाज खाली आणायचं विसरतात. "पेशी रुजायला जागाच नाही, सर. पोटात पाणी साचेल ते काढत राहू. आठ महिने, फार तर दहा." सुवर्णाने त्यांचे आभार मानले. आभार मानायची तिला सवयच होती.

परत येताना गाडी आपली आपण चालत होती, म्हणून बरं. माझ्या हातात असती तर मी ती दुभाजकावर घातली असती, कारण वानलेसवाडीच्या पुढे सुवर्णा डोळे मिटूनच म्हणाली, "सकाळी वरीचा भात खाऊनसुद्धा चक्कर येतीय बघा."

"काय खाल्लंस?"

"वरीचा भात. दाण्याची आमटी. उपवासाचंच."

"रक्त तपासायला जाताना कधी असं खाऊन गेली होतीस?"

"तिथं उपाशीपोटी या म्हणतात हो. इथं उपवास म्हटलं. मला वाटलं, ह्यांना पोटात हलकं काहीतरी पाहिजे असेल." मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "विचारलं होतं की मी तुम्हाला."

मी तिला काही सांगितलं नाही. वाक्य कुणाचं, आठ फायली कुणाच्या, काही नाही. मी फक्त म्हणालो, बघतो, आणि खिडकीबाहेर बघत बसलो. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. घोरपडेंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"फेरनकाशा करता येतो," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे रक्त गाळत राहायचं, शरीराची ती ओळख पुसून काढायची, आणि लगेच कण सोडायचे. पण त्याला आख्खा विभाग अडकतो. वर्षाला दोनच करू शकतो आम्ही, एक जानेवारीत, एक जुलैत. आणि नियम असा आहे की चूक केंद्राची असली पाहिजे."

"मग चूक केंद्राचीच आहे. शब्दाने घोटाळा झाला."

त्यांनी कपाटातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. माझंच पान, माझीच सही. "शब्दाबद्दल हे मत आहे, सर. तुम्ही ते मागे घेतलंत तर माझी हरकत नाही. पण मग त्या आठ फायलीही उघडतील. त्यांच्या तारखा आधीच्या आहेत."

आठ जण पुढे, वर्षाला दोन. हा हिशेब करायला मराठीचा प्राध्यापक पुरतो. सुवर्णा नववी झाली असती आणि पाचव्या वर्षी तिचा नंबर लागला असता.

एक वाट उरली होती. म्हणायचं की शब्द बरोबर होता, पण तो विचारलाच नाही. तंत्रज्ञाने विचारल्याशिवाय खूण केली. म्हणजे त्या आठ फायली बंदच राहतात. आवाज साठवलेला नव्हता. मी घरी गेलो आणि तक्रार लिहिली. आयुष्यात इतकं चांगलं मराठी मी लिहिलं नसेल. एकही शब्द जास्त नाही, कुठे आरडाओरडा नाही, एका वृद्ध शिक्षकाची व्यथा आणि एका बेफिकीर मुलीचा हलगर्जीपणा. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तहसीनला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी मनाशी म्हटलं, ती तरुण आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल, सुवर्णाला दुसरं यकृत मिळणार नाही. तेवढ्यावर मला झोप लागायची.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी सुवर्णाला समजावलं. "फक्त म्हण की काही विचारल्याचं आठवत नाही. खोटं बोलायचं नाही, आठवत नाही एवढंच."

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. पोट फुगलं होतं, हात काटकुळे झाले होते, डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद उतरली होती. "तहसीन येऊन गेली," ती म्हणाली.

"कधी?"

"मंगळवारी. तुम्ही वाचनालयात गेला होतात. चहा घेतला तिनं. रडली नाही, भांडली नाही. सगळं सांगितलं. बैठकीतलंपण." थोडा वेळ ती दम घेत राहिली. "उद्या काय बोलायचं ते मला शिकवू नका. लग्नापासून चौतीस वर्षं शिकवलंत तेवढं पुरे झालं."

चौकशी केंद्राच्या सभागृहात होती. डॉ. घोरपडे मध्ये, दोन्ही बाजूंना आणखी दोघे. तहसीन भिंतीशी बसली होती. सुवर्णाला चाकाच्या खुर्चीतून आणलं.

"तुम्हाला चाचणीआधी उपवासाबद्दल विचारलं होतं का?" डॉ. घोरपडेंनी विचारलं.

"विचारलं होतं. उपवास केलाय का म्हणाली. मी हो म्हणाले. केलाच होता."

सुवर्णा माझ्याकडे बघत नव्हती.

"म्हणजे तंत्रज्ञाची चूक नाही," डॉ. घोरपडे म्हणाल्या. "मग नियमाप्रमाणे ही रुग्णाची..."

"थांबा," सुवर्णा म्हणाली. "तिनं विचारलं ते वाक्य कुणाचं होतं, ते ह्यांना विचारा. मला जगायचंय, डॉक्टर. पण त्या पोरीच्या पोटावर पाय देऊन नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथे मी उठून सत्य सांगितलं, आणि नंतर बरेच जण मला म्हणाले, सर, धाडस लागतं त्याला. काही धाडसबिडस नव्हतं. मी उभा राहता राहता एवढाच विचार केला की गप्प बसलो तर सुवर्णा यादीतच नाही, आणि बोललो तर निदान नववी आहे.

"शब्द माझा," मी म्हणालो. "मला धोका आधी सांगितला होता, या मुजावर बाईंनी. मी ऐकलं नाही. ती आठही माणसं बरोबर होती. चूक केंद्राची आहे आणि केंद्राला ती मी करायला लावली."

तहसीन परत कामावर आली. आता यंत्र म्हणतं, 'उपाशीपोटी या. साबुदाणा, वरी, रताळी, दूध, चहा काहीही चालणार नाही, फक्त पाणी.' किती बेंगरूळ वाक्य आहे. त्यानंतर एकही तक्रार आलेली नाही.

आठ फायली उघडल्या तेव्हा कळलं की आठांपैकी पाच जण आधीच गेले होते. मला ते कळलं तेव्हा पहिला विचार काय आला असेल? चौथी. सुवर्णा नववी नव्हती, चौथी होती. मी डॉ. घोरपडेंच्या खोलीबाहेर जिन्यात बसून तो आकडा तीन-चारदा मनात म्हटला. त्या पाच जणांपैकी एक शिरोळची बाई होती, एकेचाळीस वर्षांची, मुलगी दहावीला. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी नाही.

जानेवारीची जागा तासगावच्या एका शिक्षिकेला मिळाली. तिचा नकाशा उजळ आला, पेशी रुजल्या. दुसऱ्या क्रमांकावर पलूसचा एक दुकानदार होता, तो मार्चमध्ये वारला. मग आमच्या पुढे एकच जण उरला. संताजी खोत, वय सेहेचाळीस, जतचा, एसटीवर चालक होता. जागा जुलैत. डॉ. घोरपडे म्हणाल्या, सुवर्णा जुलैपर्यंत आहे, पुढच्या जानेवारीपर्यंत नाही.

दर पंधरा दिवसांनी सुवर्णाच्या पोटातलं पाणी काढायला आम्ही केंद्रात जायचो. सुई घालून चार-पाच लिटर काढतात, मग दोन दिवस तिला श्वास नीट घेता येतो. खोतही त्याच दिवशी यायचा. बाहेरच्या व्हरांड्यात एकच बाक सावलीत आहे, तिथे आम्ही चौघं. तो, त्याची बायको लता, आम्ही दोघं. पहिल्याच दिवशी सुवर्णाने त्यांना सांगून टाकलं, "ते उपवासाचं वाक्य लिहिलं ते हे."

मी माफीची तीन वाक्यं तयार ठेवली होती. खोत माझ्याकडे बघून म्हणाला, "बसा, सर." ती वाक्यं तशीच राहिली.

बोलली ती लता. "साबुदाण्याचे वडे मीच केलेले," ती म्हणाली. "कागद आला, त्यावर रुग्णाची चूक लिहिलेलं. सासूबाई दीड वर्ष म्हणत्यात, तूच घातलंस माझ्या लेकाच्या पोटात. शेजारचीपण म्हणत्यात. मलापण तसंच वाटत आलंय. मग माझं चुकलं नव्हतं व्हय?"

"नाही," सुवर्णा म्हणाली.

लता माझ्याकडे बघत राहिली. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. मी म्हणालो, "नाही, तुमचं काही चुकलं नाही." ती पदर तोंडावर घेऊन तिथेच रडायला लागली आणि खोत तिच्या पाठीवर हात ठेवून समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसला.

त्यानंतर लता सुवर्णासाठी बाजरीची मऊ भाकरी, कधी गावचं ताक आणायला लागली. दोघी बोलायच्या. मी आणि खोत बाजूला बसायचो. तो चांगला माणूस होता. एसटीच्या घाटातल्या फेऱ्यांच्या गोष्टी सांगायचा, मला हं हं म्हणायला लागायचं. आणि मी ऐकता ऐकता त्याचा चेहरा तपासायचो. डोळे किती पिवळे, हात किती थरथरतात, बोलताना नाव विसरतो का. सुवर्णाच्या आजारात हे सगळं मी शिकलो होतो. कोणत्या खुणेला किती दिवस उरतात ते मला पाठ झालं होतं.

मी रोज सकाळी केंद्रात फोन करायचो. फोन बहुतेक तहसीनच उचलायची.

"यादीत काही बदल?"

"नाही, सर. खोत बरे आहेत."

ती हे सरळ आवाजात म्हणायची. मी "बरं" म्हणून फोन ठेवायचो. एकदा सुवर्णाने आतून ऐकलं आणि हाक मारली.

"असं तोंड पाडून बसू नका माझ्यासमोर, तो माणूस बरा आहे ऐकून."

"तुला जगायचं नाही का?"

"जगायचंय की. मी काय देवीबिवी नाही. मलापण रोज मनात येतं." ती भिंतीकडे वळली. "पण मी त्याच्या बायकोनं आणलेलं ताक पिते. माझं मला पुरे झालंय. त्यात तुमचं तोंड बघायला लावू नका."

जूनच्या दहा तारखेला आम्ही पुन्हा व्हरांड्यात होतो. जुलैच्या एक तारखेपासून विभाग मोकळा होणार होता, म्हणजे एकवीस दिवस. ऊन होतं. लता आत कागदावर सही करायला गेली होती. सुवर्णा खुर्चीत मान टाकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. बाकावर मी आणि खोत.

तो त्या दिवशी गोष्टी सांगत नव्हता. हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कसं आहे आज?"

त्याने मान हळूहळू वळवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता. त्याला माझा प्रश्न समजला होता. पहिल्या दिवसापासून समजत असणार.

"हाय, सर," तो म्हणाला. "अजून हाय."

मी खाली बघितलं. त्याने चपला काढून ठेवल्या होत्या, पायजमा घोट्याच्या वर सरकला होता. मागल्या खेपेला सूज पावलांपुरती होती. आता ती पोटरीवर चढली होती, कातडी ताणून चकाकत होती, आणि दाबलं तर खड्डा तसाच राहील अशी दिसत होती.

मला बरं वाटलं. मग मान वर केली तर सुवर्णा डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.